मॅगी हॉब्सनचा हिशेब

वारा सुटलाय, पाऊस तिरका लागतोय आणि तुम्ही सॅल्फर्डच्या चॅपल स्ट्रीटवर एका बंद दुकानासमोर उभे आहात. साल 1880. डोक्यावर पाटी म्हणून टांगलेला भलामोठा बूट वाऱ्याने कुरकुरत झुलतोय. तुमची नजर दाराआड शिरते. अंधारात बुटांच्या रांगा दिसतात: पुरुषांचे जाडजूड, बायकांचे नाजूक, पोराटोरांचे, आणि गिरणीकामगार घालतात ते लाकडी तळव्याचे क्लॉग. छताच्या काचेवर एक फांदी खरवडतेय. इतक्यात दार धाडकन उघडतं. उंबऱ्यात एक अवाढव्य काळी आकृती. आता इथे मुडदाच पडणार म्हणून तुम्ही अंग चोरून घेता. आकृती जरा झुलते, तोल सावरते आणि भलीथोरली ढेकर देते.

तुमच्या पाठीमागे हशा पिकतो. मान वळवता तर तिथे शे-दोनशे माणसं बसलेली. चॅपल स्ट्रीट पडद्यावर आहे, तुम्ही खुर्चीत आहात आणि भोवती 1954 साल आहे. ओव्हरकोटांना ओल्या लोकरीचा वास येतोय, प्रोजेक्टरच्या झोतात सिगारेटचा धूर वळवळतोय. शेजारच्या बाईच्या मांडीवर गोळ्यांची पुडी आहे आणि ती सढळ हाताने रिकामी होतेय, कारण गोड खाऊवरचं रेशन गेल्याच वर्षी उठलंय. मटणाचं अजून चालू आहे. चित्रपट आहे डेव्हिड लीनचा ‘हॉब्सन्स चॉइस’. डिकन्सच्या कादंबऱ्यांवरच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ (1946) आणि ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ (1948) मध्ये याच माणसाने असल्याच सावल्या वापरून प्रेक्षकांना घाबरवलं होतं. आज त्याने तीच शिदोरी उघडली आणि शेवटी एका ढेकरेत स्वतःचीच फिरकी घेतली.

आता तुम्हाला या दोन्ही सालांत मोकळेपणी ये-जा करता येईल. चला, पुन्हा दुकानात.

सकाळ झालीय. ढेकर देणारे गृहस्थ म्हणजे दुकानाचे मालक हेन्री होरॅशिओ हॉब्सन. विधुर, तीन मुलींचे बाप. भूमिकेत चार्ल्स लॉटन. आठव्या हेन्रीची भूमिका करून ऑस्कर मिळवलेला हा नट इथे तोच राजेपणा चपलाबुटांच्या दुकानात मिरवतो. हॉब्सन गल्ल्याजवळ फारसे फिरकत नाहीत. रस्त्यापलीकडच्या मूनरेकर्स पबमध्ये मात्र त्यांची जागा ठरलेली. दुकान चालवते थोरली मॅगी. धाकट्या ॲलिस आणि विकी गल्ल्यामागे बसून कुरबुरी करतात. विकी झालेली कोवळी प्रुनेला स्केल्स नीट पाहून ठेवा. वीसेक वर्षांनी ‘फॉल्टी टॉवर्स’मध्ये हीच बाई नवऱ्याला सळो की पळो करून सोडणार आहे.

दार वाजतं. ॲलिसवर जीव जडलेला वकिलाचा पोरगा आल्बर्ट आत येतो. बाप बाहेर गेला असेल असा त्याचा होरा; बाप आहे घरातच, शिवाय समोर मॅगी. काहीतरी निमित्त हवं म्हणून तो बुटाच्या नाड्या मागतो. आता मॅगीकडे लक्ष द्या. ती त्याला खुर्चीत बसवते, पाय उचलून बघते, पायातल्या बुटांची इज्जत काढते, नवा जोड चढवते, नाड्या आवळते. आल्बर्टला विचार करायला उसंत मिळण्याआधी तो अख्खा पौंड मोजून, जुने बूट मागे ठेवून रस्त्यावर आलेला असतो. ॲलिस चिडते. मॅगीचं उत्तर सरळ आहे: हे दुकान आहे, आणि येणारा रिकाम्या हाताने गेला तर आपण इथे बसलोय कशाला?

या दोन मिनिटांच्या व्यवहारात सगळा चित्रपट आहे. आल्बर्टला मॅगीने फसवलेलं नाही, बूट चांगलेच आहेत. तिने फक्त एक सोंग बंद पाडलं. प्रेमाच्या नावाखाली फुकट दुकानात बसायची चैन तिच्यासमोर चालत नाही. आणि या घरात अशी फुकटाची चैन सर्वांत जास्त कोण करतं, हे तुमच्या ध्यानात यायला वेळ लागत नाही.

हॉब्सनसाहेब घसा खाकरून मुलींना फैलावर घेतात. तुम्ही फार शेफारला आहात, फॅशन करता, बापाला उलट बोलता. तुम्हा दोघींना मी नवरे बघणार. मग मॅगी विचारते, माझं काय? हॉब्सन हसत सुटतात. तिशीची झाली, आता हिला कोण करणार? मराठी घरात असल्या मुलीला घोडनवरी म्हणून मोकळे झाले असते. सॅल्फर्डमध्येही काही वेगळं नाही. पण हॉब्सनच्या हसण्यामागे एक गणित आहे. मॅगीचं लग्न झालं तर दुकान बसेल. पुढे पबमधले मित्र जेव्हा सांगतात, की पोरी उजवायच्या तर पदरचे पैसे मोजावे लागतात, तेव्हा धाकट्यांची लग्नंही हा बाप तिथल्या तिथे रद्द करतो. पोरी घरातच ऱ्हाऊ देत. पगार द्यावा लागत नाही.

दुकानासमोर घोडागाडी थांबते. मिसेस हेपवर्थ, गावातली श्रीमंत आणि फटकळ बाई, आत येते. मला हे बूट कोणी शिवले? तिच्या आवाजाने हॉब्सनची घाबरगुंडी उडते, तक्रार असणार. मग जमिनीतली एक फळी वर उचलली जाते आणि त्या चौकोनी भोकातून एक डोकं बाहेर येतं. वाटी ठेवून कापल्यासारखे केस, भेदरलेले डोळे. हा विली मॉसप. तळघरात आरी, रापी आणि मेणवलेला दोरा घेऊन दिवसभर वाकून बसणारा कारागीर, वर्कहाउसमध्ये वाढलेल्या बापाचा मुलगा. बाई म्हणते, एवढे चांगले बूट मी आजवर घातले नाहीत. इथून दुसरीकडे गेलास तर मला कळव. त्याच्या हातात ती आपलं कार्ड ठेवते. विलीला ते नीट वाचता येत नाही. तो पुन्हा भोकात उतरतो, फळी बंद होते.

ती फळी लक्षात असू द्या. या गोष्टीत कोण कुठल्या मजल्यावर आहे, याचा लीन फार बारकाईने हिशेब ठेवतो. विली जमिनीखालून वर येत राहील. हॉब्सन खाली जातील, अगदी शब्दशः. लेखकाने तोंडी न सांगितलेली बरीचशी गोष्ट जिने आणि फळ्याच सांगतात.

त्याच दिवशी मॅगी विलीला वर बोलावते, त्याचे हात बघायला मागते आणि सांगून टाकते, की तुझे हात आणि माझं डोकं एकत्र आलं तर चांगला धंदा होईल. विलीला वाटतं नोकरीचं बोलणं चाललंय. ते लग्नाचं आहे हे उमगल्यावर त्याला पळायला वाट सापडत नाही. तुम्ही कोपऱ्यात उभे राहून हसता. पण जरा थांबून बघा. या माणसाच्या हातांकडे आजवर कोणी निरखून पाहिलेलंच नाही. मॅगीच्या मागणीत लाडीगोडीचा एक शब्द नाही, आणि तरी विलीला आयुष्यात मिळालेली ही पहिली खरी दाद आहे. त्याचा बावळटपणा ती त्याच्या तोंडावर सांगते. त्याचं कसबही तोंडावरच सांगते.

रविवारी ती त्याला पील पार्कमध्ये फिरायला नेते. इथे पडद्यातून उतरून तुम्ही खऱ्या जमिनीवर पाय ठेवू शकता, कारण हे दृश्य खरोखर सॅल्फर्डमध्ये चित्रित झालंय. 1846 साली लोकांसाठी खुली झालेली ही बाग, तिच्या कडेने वाहणारी काळपट आयरवेल नदी, आणि मागे धुराड्यांची रांग. लालबाग-परळ ज्याने पाहिलंय त्याला या क्षितिजाची ओळख करून द्यायला नको. नातंही जुनं आहे: अमेरिकेतल्या यादवी युद्धात, 1861 ते 65 या काळात तिकडचा कापूस आटला तेव्हा वऱ्हाड-खानदेशातल्या गाठी मुंबईहून लिव्हरपूलला आणि तिथून याच भागातल्या गिरण्यांत येत होत्या. त्या धुराखाली बाकावर दोघं बसलेत. मॅगी बोलतेय, विली नदीकडे बघतोय. प्रेमाचं दृश्य म्हणावं असं काहीच घडत नाही, आणि चित्रपटातलं हेच सर्वांत सुंदर प्रियाराधन.

दुकान, गल्ली, पब हे सारं मात्र शेपर्टन स्टुडिओत उभारलेलं आहे. आता पडद्याच्या मागे, थोडं अगोदरच्या काळात डोकावून घ्या. विलीचं काम खरं तर रॉबर्ट डोनॅट करणार होता. त्याच्या दम्याने घात केला आणि भूमिका जॉन मिल्सकडे आली. लष्करी अधिकारी, सभ्य नायक अशा भूमिकांत प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलेला मिल्स इथे खांदे पाडून, तोंड अर्धवट उघडं ठेवून उभा राहतो. मॅगी झालेली ब्रेंडा डी बान्झी पडद्यावर फारशी मोठी तारका नव्हती. पण लॉटनसमोर उभं राहायला आवाज चढवावा लागत नाही, हे तिने दाखवलं. तो हातवारे करतो, डोळे फिरवतो, आख्खी चौकट व्यापतो. ती हात पोटाशी धरून सरळ उभी राहते. जिंकते तीच.

पुन्हा 1880. विलीचं एक लचांड निघतं. घरमालकिणीची मुलगी ॲडा फिगिन्स हिच्याशी त्याचं ठरलेलं आहे, म्हणजे त्यानेच ठरवलं असं नव्हे, ते त्याच्या गळ्यात पडलंय. मॅगी त्यांच्या घरी जाऊन ते लग्न मोडते. भोवतीचं थिएटर खदखदून हसतंय, पण तुम्ही ॲडाकडे बघा. तिच्या हाताला ना धंदा, ना कसब. विलीची काळजी घेईन एवढंच तिचं भांडवल होतं. मॅगीच्या चोख हिशेबात ही एक नोंद कुठेच सापडत नाही. चित्रपट ॲडाला मागे टाकून पुढे जातो आणि परत तिची चौकशी करत नाही.

मॅगी बापाला लग्नाचं सांगते आणि लगोलग अटी घालते. वीस वर्षं बिनपगारी राबले. यापुढे दिवसाचे आठ तास काम करीन आणि आठवड्याला पगार घेईन. हॉब्सन तळघरातून विलीला बोलावतात आणि कमरेचा पट्टा काढतात. या पोराच्या डोक्यातलं प्रेम फोडून काढतो. एक फटका बसतो. विली, जो आतापर्यंत लग्नाला मनापासून तयारच नव्हता, तो या फटक्याने उलट फिरतो: आजवर मी मॅगीला हात लावला नव्हता, आता चुंबन घेतो, आणि पुन्हा मारलंत तर तिच्याबरोबर हे दुकान सोडून जातो. हॉब्सन पट्टा उगारतात आणि आपला सर्वांत चांगला कारागीर, सर्वांत चांगली विक्रेती आणि घर सांभाळणारी बाई हे तिन्ही एका दिवसात गमावतात.

दोघं मिसेस हेपवर्थकडे जातात आणि शंभर पौंड कर्ज घेतात, वीस टक्के व्याजाने. मदत मागायची नाही, व्यवहार करायचा. ऑल्डफील्ड रोडवर एक तळघर भाड्याने मिळतं. तिथेच दुकान, तिथेच संसार. पाटीवर नाव विली मॉसपचं.

इथे 1880 हा आकडा डोक्यात ठेवा. इंग्लंडमध्ये तेव्हा लग्न झालं की बाईची जंगम मालमत्ता बहुतांशी नवऱ्याची होई. 1870 च्या कायद्याने तिची स्वतःची कमाई तिच्याकडे राहू लागली होती. मालमत्तेवर पुरता हक्क मिळायला 1882 चा कायदा यावा लागला. म्हणजे मॅगी आपली हुशारी, वीस वर्षांचा अनुभव आणि कर्जाने उभी केलेली हिंमत हे सारं विलीच्या नावावर लावते, तेव्हा ती तुम्हाला वाटते त्यापेक्षा मोठी जोखीम पत्करतेय. माणूस वाईट निघाला तर तिच्या हातात फारसं काही उरणार नाही. म्हणून तर तिने बघितले ते हात. आणि बोटात घालायला सोन्याऐवजी दुकानातल्या मालातली पितळी अंगठी उचलली.

लग्नाच्या आदल्या रात्री मूनरेकर्समधून हॉब्सन बाहेर पडतात. पाऊस थांबलाय आणि फरसबंदीवरच्या डबक्यात चंद्र पडलाय. ते त्याला पकडायला जातात. पाऊल पडताच चंद्र फुटतो आणि पुढच्या डबक्यात जाऊन बसतो. लॉटनचा अजस्र देह नाचऱ्या पावलांनी डबक्यामागून डबकं गाठत जातो आणि माल्कम आर्नल्डचा वाद्यवृंद त्याच्याबरोबर झोकांड्या खातो. चंद्रासाठी आर्नल्डने सुतारकामाची करवत वाजवायला लावलीय. गजाने वाजवलेल्या त्या पात्यातून निघणारा थरथरता सूर तुम्ही एकदा ऐकलात की विसरत नाही. मग एका डबक्यात चंद्राऐवजी हॉब्सनला स्वतःचा सुजलेला चेहरा दिसतो. पुढच्याच क्षणी एका धान्यवखारीच्या उघड्या झाकणातून साखळीला धरून ते थेट तळघरात जातात. ज्या पातळीवर त्यांनी विलीला बसवलं होतं, तीच ही पातळी.

वखार विकीच्या प्रियकराच्या बापाची. मग मॅगी सूत्रं हलवते, दुसऱ्याच्या जागेत घुसून नुकसान केल्याचा दावा तयार होतो आणि बदनामीच्या भीतीने हॉब्सन पाचशे पौंड कबूल करतात. जो पैसा मुलींच्या लग्नात द्यायचा नाही म्हणून त्यांनी पबमध्ये शपथ घेतली, तोच कोर्टाची पायरी चुकवण्यासाठी द्यावा लागतो. ॲलिस-विकीची लग्नं जमतात. बापाचं बोलणी खाल्लेलं तोंड बघून तुमच्या शेजारची बाई शेवटची गोळी तोंडात टाकते.

मॅगी आणि विलीच्या लग्नाला आलेले पाहुणे गेले. विली शेकोटीसमोर एकटा राहिलाय, आतल्या खोलीत मॅगी. संवाद नाही. तो कॉलर काढतो, छातीवरची खोटी पट्टी काढतो, कफ काढतो, आणि लक्षात येतं की रुबाबदार दिसणारा सगळा सदरा असाच सुट्या तुकड्यांचा होता. नाइटशर्ट चढवून तो दाराकडे बघतो, मागे येतो, पुन्हा बघतो. मिल्स इथे चेष्टेचा विषय होत नाही. भीतीइतकंच त्याच्यात धैर्यही दिसतं. अखेर तो आत जातो. सकाळी दिसतो तेव्हा त्याचे खांदे जरा सरळ झालेले असतात.

इथे थोडं 1954 मध्ये थांबा. चित्रपट हॅरॉल्ड ब्रिगहाउसच्या नाटकावर बेतलाय. सॅल्फर्डजवळच्या एकल्सचा हा लेखक. नाटक न्यूयॉर्कमध्ये 1915 साली आणि लंडनमध्ये 1916 साली आलं, म्हणजे पुरुष खंदकात आणि बायका दारूगोळ्याच्या कारखान्यांत होत्या तेव्हा. दुसऱ्या महायुद्धातही हेच झालं, आणि युद्ध संपल्यावर बायकांना ‘आता घरी जा’ असं सांगण्यात आलं. तुमच्या रांगेत बसलेल्या किती जणींनी दहा वर्षांपूर्वी यंत्र चालवलं असेल, विचार करा. याच मार्चमध्ये वेगवेगळ्या पक्षांच्या महिला खासदार समान वेतनाच्या मागणीचे अर्ज घेऊन घोडागाड्यांतून पार्लमेंटवर गेल्यात. मॅगी पडद्यावर आठ तासांचा पगार मागते तेव्हा हा प्रेक्षकवर्ग फक्त आजीच्या काळातली गंमत बघत नसतो. त्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवाने चित्रपटाला गोल्डन बेअर दिलं आणि ब्रिटिश अकादमीने सर्वोत्कृष्ट ब्रिटिश चित्रपट ठरवलं.

शेवटच्या फेरीसाठी पुन्हा पडद्यातल्या सॅल्फर्डला परता आणि लग्नानंतर एक वर्ष पुढे चला. मॅगीने पाटीवर अक्षरं गिरवून घेऊन विलीला लिहायला-वाचायला शिकवलंय. मिसेस हेपवर्थचं कर्ज व्याजासकट फिटलंय. चॅपल स्ट्रीटवरचं गिऱ्हाईक ऑल्डफील्ड रोडच्या तळघरात उतरू लागलंय. हॉब्सनना मात्र दारूच्या अंमलात, प्रत्यक्षात नसलेले प्राणी दिसू लागलेत आणि डॉक्टर एकच औषध सांगतो: मॅगीला घरी आणा. धाकट्या दोघी हात वर करतात. नव्या संसारात म्हाताऱ्याची अडगळ कुणाला हवी? उरते तीच, जिला कोणी करणार नाही असं बाप म्हणाला होता.

पण निर्णय विली घेतो. याच दुकानात वर यायला ज्याला फळी उचलावी लागे, तो आता दारातून येतो, माल तपासतो, दुकान मागासलं असल्याचं तोंडावर सांगतो आणि आपल्या अटी ठेवतो. हॉब्सन भागीदार राहतील, पण कारभारात लुडबुड नाही. पाटीवर नाव आधी मॉसपचं. त्याचा आवाज आतून कापतोय, हे मॅगीला दिसतं आणि तुम्हालाही. तिने त्याला बोलायला शिकवलं, आणि आता तो तिच्याही मनात नव्हतं इतकं बोलतोय. तिच्या चेहऱ्यावर हार नाही. आपला माल गिऱ्हाइकाला पसंत पडल्यावर दुकानदाराला होतो तो आनंद आहे. विली तिला सोन्याची अंगठी घेऊ म्हणतो, ती पितळीच ठेवते.

लग्न म्हणजे व्यवहार नव्हे, असं आपल्याला लहानपणापासून ऐकवलं जातं, आणि ऐकवणाऱ्यांत बहुतेकदा ज्यांचा व्यवहार त्यात साधतो तेच पुढे असतात. हॉब्सन सतत कुटुंब, कर्तव्य, बापाची माया अशी भाषा बोलतात आणि पोरींना छदाम देत नाहीत. मॅगी सतत पैशाची भाषा बोलते आणि तळघरातल्या एका माणसाला नाव, अक्षर आणि ताठ मान देते. या चित्रपटाचं मोठेपण एवढ्या एका उलटापालटीत आहे, आणि ती त्याने भाषण न ठोकता, पावणेदोन तास हसवत करून दाखवली.

दुकानावर आता नवी पाटी लागायची आहे: मॉसप आणि हॉब्सन. मॅगीचं नाव त्यात कुठे आहे, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. पुन्हा वाचा. एक नाव तिच्या माहेरचं आहे आणि दुसरं सासरचं. त्या पाटीवरची दोन्ही आडनावं लावलेलं सॅल्फर्डमध्ये एकच माणूस आहे.